३७ ठिपक्यांचं खेळणं: रंग, साधेपणा आणि खेळकरपणा हाताने शिकण्याचा एक रस्ता

इंटरॅक्शन डिझाइन (माणूस वस्तूला हात लावतो आणि ती काय उत्तर देते, याची रचना) शिकायला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकजण एक चूक करतात. मीही केली. 'काहीतरी प्लेफुल करून आणा' असं म्हटलं की बारा रंग, चार फॉन्ट, उड्या मारणारी बटणं आणि कोपऱ्यात डोळे मिचकावणारं मांजर. सबमिशनच्या दिवशी सगळ्यांनी ते बघितलं, हसले, एकदा बोट लावलं आणि फोन मला परत दिला. कोणीही दुसऱ्यांदा बोट लावलं नाही.

तेव्हापासून माझी मोजपट्टी एकच आहे: माणूस न सांगता दुसऱ्यांदा बोट लावतो का? लावत असेल तर खेळ जमलाय. रंग, आवाज, हालचाल हे सगळं त्या दुसऱ्या बोटासाठी राबणारं मनुष्यबळ. राबत नसेल त्याला घरी पाठवायचं.

खाली एका छोट्या डिजिटल खेळण्याची पूर्ण कृती देतोय. ठिपक्यांच्या रांगोळीवरून घेतलंय. फोनवर चालतं, दोन-तीन आठवडे संध्याकाळी बसलं तर होतं. कोडिंग अगदी थोडं यायला हवं. पी५.जेएस नावाची फुकट लायब्ररी वापरली आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकार-डिझायनर मंडळींसाठी 'प्रोसेसिंग' सुरू केलं, त्याच विचारातून लॉरेन ली मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये ब्राउझरसाठी पी५.जेएस आणलं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यांचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो.

पायरी १: एक क्रियापद निवडा

लॅपटॉप बंद ठेवा. कागदावर फक्त क्रियापदं लिहा: टेकवणं, ओढणं, फुंकणं, हलवणं, दाबून धरणं, पुसणं. आता त्यातलं एक ठेवा, बाकीच्यांवर काट मारा. ही काट मारताना जीव तुटतो, पण ती मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी 'टेकवणं' ठेवलं, कारण रांगोळीची सुरुवात तिथेच होते. चिमटीतून पांढरा ठिपका जमिनीवर टेकवायचा, शेजारी दुसरा.

एकाच क्रियापदात मजा पुरेल का, अशी शंका येईल. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांची काड्यापेटीच्या काड्यांची खेळणी आठवा. काडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा, एवढंच सामान. क्रिया एकच: काडी नळीत खुपसायची. त्यातून त्रिकोण, चौकोन, घर, पिरॅमिड. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो, आणि पोरं ते पुन्हापुन्हा दाबून बघतात. दुसरं बोट आलं की नाही?

पायरी २: ठिपके किती

इथे मी सुरुवातीला उत्साहात '१५ ते ८' घेतलं होतं. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत शेवटी ८. एकूण १६९. लॅपटॉपवर सुंदर दिसलं. फोनवर घेतलं तर बोट एका ठिपक्यावर ठेवायचं आणि उजळायचा शेजारचा.

हिशोब साधा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनची रुंदी कोडच्या भाषेत ३६० पिक्सेल असते. ३६० भागिले १५ म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर २४. अँड्रॉइडची शिफारस आहे की बोटाने दाबायची जागा किमान ४८ असावी, ॲपलची ४४. निम्म्याने कमी पडलो. म्हणून '७ ते ४': ओळींमध्ये ४, ५, ६, ७, ६, ५, ४. एकूण ३७ ठिपके, अंतर ५१. बोट बसलं.

गंमत म्हणजे १६९ वरून ३७ वर आल्यावर चित्रही बरं दिसायला लागलं. साधेपणा हा मला तोवर सौंदर्याचा प्रश्न वाटायचा. इथे तो बोटाच्या जाडीतून आला.

पायरी ३: रंग, आधी कागदावर

या पायरीला एक अख्खा शनिवार द्या. स्टेशनरीच्या दुकानातून घोटीव कागदाचं एक पाकीट आणा, शाळेत हस्तकलेला आणायचो तेच. जोसेफ आल्बर्स हे जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेतले शिक्षक, पुढे अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेज आणि येलमध्ये शिकवायचे. ते विद्यार्थ्यांना रंगाचे अभ्यास रंगीत कागद कापून करायला लावत. कारण सरळ आहे: कागदाचा रंग बदलत नाही, त्यामुळे दिसण्यात काही बदललं तर ते शेजारच्या रंगामुळेच बदललंय हे कबूल करावं लागतं.

करून बघा. एकाच राखाडी कागदाचे दोन बोटभर चौकोन कापा. एक पिवळ्याधमक कागदावर ठेवा, एक गडद जांभळ्यावर. आता लांबून बघा. पिवळ्यावरचा काळपट आणि मळका वाटेल, जांभळ्यावरचा उजळ. घरातल्या कोणालाही विचारा, 'वेगळे आहेत' असंच उत्तर येईल. पैठणीच्या धूपछाँव पोतात हेच चाललेलं असतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग दिसतो.

यातून कामाचा नियम असा निघतो: रंग एकटा निवडायचा नाही, जोडीने निवडायचा. कलर पिकर उघडून 'हा पिवळा छान आहे' म्हणण्याला अर्थ नाही. कशावर ठेवणार आहात?

दुसरी गोष्ट, रंगांची मराठी नावं वापरा. थट्टा करत नाहीये. 'हिरवा' म्हटलं की पिकरमध्ये तासभर बोट फिरत राहतं. 'शेवाळी' किंवा 'पोपटी' म्हटलं की किती गडद, किती मळका, हे आधीच ठरलेलं असतं. आमसुली, अबोली, श्रीखंडी, मोरपंखी, विटकरी, अंजिरी. एकेका शब्दात तीन आकडे बसलेत.

ते तीन आकडे म्हणजे एचएसबी. ह्यू म्हणजे रंगचक्रावरचा अंश, ० ते ३६०. सॅच्युरेशन म्हणजे रंग किती चोख, ० ते १००. ब्राइटनेस म्हणजे किती उजेड, तोही ० ते १००. पी५ सुरुवातीला आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा किती मिसळायचा या भाषेत असतं. कलरमोड बदलून एचएसबी करा, रंगाचा विचार सोपा होतो.

फक्त एक खड्डा आहे. एचएसबीतला 'ब्राइटनेस १००' सगळ्या रंगांना सारखा उजेड देत नाही. चोख पिवळा आणि चोख निळा, दोघांनाही १०० आणि १०० दिलेत. पांढऱ्यावर ठेवलं तर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजेडातलं प्रमाण) १.०७ ला १, म्हणजे जवळपास अदृश्य. निळ्याचा ८.५९ ला १. डोळ्याला पिवळा मुळातच उजळ आणि निळा मुळातच काळोखा दिसतो. त्यामुळे आकड्यांवर भरवसा ठेवून पॅलेट केली की काही रंग ओरडतात आणि काही बुडतात.

आता माझी फजिती सांगतो. रांगोळीच्या मागची जमीन गेरूची, म्हणून मी पार्श्वभूमी गेरूची घेतली: ह्यू १४, सॅच्युरेशन ६५, ब्राइटनेस ४५. ठिपके पांढरे. शिरगोळ्याची पूड गेरूवर जशी उठून दिसते तसे ते उठून दिसले, कॉन्ट्रास्ट साधारण ९ ला १. मग दोन रंग घेतले, हळद आणि कुंकू. एकदा बोट टेकवलं की ठिपका हळदीचा, दुसऱ्यांदा टेकवलं की कुंकवाचा. हळद (४५, ८५, ९५) झकास दिसली. कुंकू (३५५, ८५, ८०) टेकवलं की ठिपका गायब! वर्गात तर कोणीतरी विचारलं, 'डिलीट झाला का?'

मोजून बघितलं. कुंकवाचा गेरूवर कॉन्ट्रास्ट १.६ ला १. डब्ल्यूसीएजी या वेबच्या नियमावलीत साध्या अक्षरांसाठी ४.५ आणि चिन्हं-आकृत्यांसाठी ३ लागतो. आम्ही दोन्हीच्या खाली. मी कुंकू उजळ केलं तर ते गुलाबी झालं, भगवं केलं तर हळदीत मिसळलं. तीन दिवस हाच घोळ.

मग दिवाळीच्या फोटोंमध्ये आजीची रांगोळी बघितली. तिने हळदकुंकू जमिनीवर कुठेच टाकलं नव्हतं. आधी पांढरी रांगोळी, आणि तिच्यावर कुंकवाची चिमूट. पांढऱ्यावर कुंकवाचा कॉन्ट्रास्ट ५.५ येतो. हळदीचं नेमकं उलट: गेरूवर ५.२, पांढऱ्यावर १.७. म्हणजे हळद जमिनीवर पसरायची आणि कुंकू पांढऱ्याच्या पोटात ठेवायचं. मी तसंच केलं. पहिल्या स्पर्शाला ठिपका फुगून हळदीचा होतो. दुसऱ्याला तो पांढरा होतो आणि मधे कुंकवाचा टिळा उमटतो. तिसऱ्याला परत छोटा पांढरा ठिपका.

या मांडणीचा आणखी एक फायदा झाला. ज्यांना लाल-हिरव्यात फरक करायला अडचण येते (युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण ८ टक्के) त्यांनाही अवस्था कळतात, कारण नुसता रंग बदलत नाही, आकारही बदलतो. तुमचं काम झालं की स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये कृष्णधवल करा. तरीही कुठला ठिपका कुठल्या अवस्थेत आहे हे सांगता आलं तर पुढे चला.

एकूण रंग: गेरू, पांढरा, हळद, कुंकू. चार. पाचवा घालायचा मोह माझ्या मैत्रिणीला झाला, मोरपंखी. घालून बघितला. सुंदर होता, पण त्याला काम नव्हतं.

पायरी ४: मांडणी कोडमध्ये

पटकन उरकतो. मधल्या ओळीला क्रमांक ० द्या, वरच्या −१, −२, −३ आणि खालच्या १, २, ३. कुठल्याही ओळीतले ठिपके म्हणजे ७ मधून ओळक्रमांक (चिन्ह सोडून) वजा. अंतर म्हणजे रुंदी भागिले ७. ओळीची उंची म्हणजे ओळक्रमांक गुणिले अंतर गुणिले ०.८६६. हा ०.८६६ म्हणजे समभुज त्रिकोणाच्या उंचीचं बाजूशी प्रमाण, तो नसेल तर रांगोळी उभी ताणलेली दिसते. प्रत्येक ओळ आडवी मध्यावर आणा. झालं.

प्रत्येक ठिपक्याला पाच गोष्टी लक्षात ठेवायला द्या: आडवी जागा, उभी जागा, अवस्था (०, १ की २), आताचा आकार आणि वेग. शेवटच्या दोन कशाला, ते पुढच्या पायरीत.

बोट कुठे पडलं हे शोधताना 'ठिपक्याच्या आत आहे का' असं विचारू नका. छोटा पांढरा ठिपका जेमतेम १२ पिक्सेलचा असतो. 'सगळ्यात जवळचा ठिपका कुठला' असं विचारा, आणि तो निम्म्या अंतरापेक्षा लांब नसेल तर त्यालाच मान द्या.

जाता जाता: जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. माझ्या कोडमध्ये 'ठिपका', 'आकार', 'वेग' अशीच आहेत. आकडे आणि चिन्हं मात्र कोडच्या रीतीनेच लिहावी लागतात.

पायरी ५: प्रतिसाद

खेळ आहे तो इथे. घाई करू नका.

पहिली अट वेळेची. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडलेली मोजपट्टी अजून टिकून आहे: ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला 'हे मी केलं' असं वाटतं, जास्त लागलं तर 'यंत्राने केलं' असं. माझ्या पहिल्या आवृत्तीत ठिपका बोट उचलल्यावर बदलायचा. कोड बरोबर होता, पण खेळणं मेल्यासारखं वाटायचं. बोट टेकताक्षणी बदलेल असं केलं आणि त्यात जीव आला. बदल एका ओळीचा.

दुसरी गोष्ट हालचालीची. ठिपका एकदम मोठा झाला तर दिव्याचं बटण दाबल्यासारखं वाटतं. सावकाश मोठा झाला तर सरकारी काम. हवी आहे ती स्प्रिंग. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी नव्याने रंगवताना, या दोन ओळी चालवा, सेकंदाला ६० वेळा:

वेग = (वेग + (हवा तो आकार − आताचा आकार) × ०.२) × ०.७५

आकार = आकार + वेग

शेवटचा आकडा, ०.७५, हा या खेळण्याचा स्वभाव आहे. तो बदलून बघताना मी अर्धा दिवस घालवला आणि तो वाया गेला असं अजिबात वाटत नाही. ०.६ ठेवला तर ठिपका ठरलेल्या आकाराच्या जेमतेम ७ टक्के पुढे जातो आणि गुमान बसतो, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा. ०.९ ठेवला तर जवळपास ७० टक्के पुढे जाऊन थरथरत राहतो. जेली. तीनदा मजा येते, चौथ्यांदा डोकं उठतं. ०.७५ ला तो ८ फ्रेममध्ये (०.१३ सेकंद) सुमारे ३२ टक्के पुढे जातो, परत येतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत शांत होतो. टप्पा पडलेल्या रबरी चेंडूसारखा. मी तिथे थांबलो.

हे आकडे वाचून पुढे जाऊ नका. एक स्लायडर लावा, ०.५ ते ०.९५, आणि डोळ्यांनी ठरवा. जड दगडाचं खेळणं करत असाल तर तुमचा आकडा वेगळा निघेल.

तिसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली. फोनवर बोट ठेवलं की ठिपका बोटाखाली झाकला जातो. ज्याने स्पर्श केला त्यालाच प्रतिसाद दिसत नाही! लॅपटॉपवर माउसने तपासत होतो, म्हणून लक्षातच आलं नव्हतं. उपाय: शेजाऱ्यांना हलवा. आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी असतात. बोट टेकल्यावर ३ फ्रेमनी त्या सहांच्या वेगात थोडी भर घालायची. रंग बदलायचा नाही, फक्त धक्का. मग त्यांच्या शेजाऱ्यांना आणखी ३ फ्रेमनी, निम्म्या जोराने. बोटाभोवती एक लहर उठते. पाण्यात खडा टाकल्यावर माणूस दुसरा खडा शोधतो ना, तसं होतं.

ज्यांनी फोनमध्ये 'हालचाल कमी करा' हे सेटिंग चालू ठेवलंय त्यांना लहर दाखवू नका. काहींना अशा हालचालीने गरगरतं. ब्राउझर ते सेटिंग कोडला सांगतो, एका ओळीत तपासता येतं.

पायरी ६: आवाज

ठिपक्यांच्या सात ओळी आहेत, म्हणून सात सूर घेतले. बोट कुठेही, कुठल्याही क्रमाने पडणार, तरी कानाला टोचता कामा नये. यासाठी भूप हा राग डिझायनरचा मित्र आहे. सा, रे, ग, प, ध हे पाचच सूर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. त्यामुळे कोणतेही दोन शेजारी वाजले तरी भांडत नाहीत. सा ४८० हर्ट्झ धरला तर रे ५४०, ग ६००, प ७२०, ध ८००, वरचा सा ९६०, वरचा रे १०८०. याच्या खालच्या सप्तकात घेतलं तर फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून नीट ऐकू येत नाही. खालच्या ओळीला खालचा सा, वर जाल तसा सूर वर.

सूर वाजला की ०.३ सेकंदात विरू द्या. लांबवला तर दहा बोटांत हार्मोनियमचं दुकान होतं.

दोन सूचना. ब्राउझर पहिल्या स्पर्शाआधी आवाज करूच देत नाही, त्यामुळे आवाज पहिल्या बोटाच्या वेळीच सुरू करावा लागतो. आणि आवाज बंद ठेवूनही खेळणं पूर्ण वाटलं पाहिजे. निम्मी माणसं ते रिक्षात, लेक्चरमध्ये नाहीतर बाळ झोपलेलं असताना उघडणार आहेत.

पायरी ७: काढून टाका

एव्हाना तुमच्याकडेही जास्तीचं सामान जमलं असेल. माझ्याकडे होतं: ठिपके जोडणाऱ्या रेषा, रंग निवडायची पट्टी, 'सेव्ह' बटण, सुरुवातीची सूचना ('ठिपक्याला स्पर्श करा!'), ठिपक्यांमागची मंद झळाळी आणि गुण.

प्रत्येक गोष्ट एक दिवस बंद ठेवून खेळणं कोणाला तरी द्या. त्यांना तिची आठवण झाली नाही तर ती गेली. सूचना पहिली गेली, कारण तिच्याविनाही प्रत्येकाने ठिपक्यालाच हात लावला. रंगाची पट्टी गेल्यावर लोक जास्त वेळ खेळले. पट्टी असताना ते आधी रंग निवडत बसायचे. झळाळी तांत्रिक कारणाने गेली. माझ्या भावाच्या जुन्या फोनवर तिने सगळं अडखळायला लागायचं. (अशा फोनसाठी पिक्सेल डेन्सिटी १ करून बघा. तीनपट घनतेच्या पडद्यावर पी५ आपोआप नऊपट पिक्सेल रंगवत असतं.)

गुण काढताना वर्गात वाद झाला. गुण नसतील तर लोक खेळतील कशाला? मला वाटतं, गुण आले की माणूस ठिपक्याकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघतो. तेही करायला हरकत नाही, पण मग ती गेम झाली. मला खेळणं करायचं होतं.

रेषा काढताना मात्र वाईट वाटलं. रेषांशिवाय ती रांगोळी कसली, हा आक्षेप मला मान्य आहे. त्या वेगळ्या खेळण्यासाठी बाजूला ठेवल्यात, 'ओढणं' या क्रियापदासाठी.

पायरी ८: माणसांसमोर ठेवा

पाच जण पुरे. वर्गमित्र एकच, बाकी बाहेरचे. फोन हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. खरंच बंद. 'हे बघ, इथे दाबलं की...' असं एक वाक्य बोललात की चाचणी संपली. कागदावर तीनच रकाने: पहिलं बोट कुठे पडलं, दुसरं किती वेळाने, आणि तोंडातून काय निघालं.

शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने पाचही बोटं एकदम आपटली. माझं कोड एकच बोट ओळखायचं, त्यामुळे एकच ठिपका बदलला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच रात्री सगळी बोटं मोजणारं कोड लिहिलं. पी५मध्ये त्या क्षणी टेकलेल्या सगळ्या बोटांची यादी मिळते, ती वापरा.

आजीने बोट टेकवलंच नाही. तिने एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर बोट ओढलं, रांगोळीची रेघ ओढतात तसं. पडदाच खालीवर सरकायला लागला आणि ती म्हणाली, "अरे, जमीनच पळतेय!" यात दोन दुरुस्त्या होत्या. एक, कॅनव्हासला (खेळणं ज्या चौकटीत रंगतं तिला) सीएसएसमध्ये 'टच-ॲक्शन: नन' द्या, म्हणजे पान जागेवर राहतं. दोन, ओढतानाही बोट ज्या ठिपक्यावरून जाईल तो बदलला पाहिजे, पण एका ओढीत एकदाच, नाहीतर तो सेकंदाला ६० वेळा अवस्था बदलत लुकलुकतो. दुरुस्त केल्यावर आजीने तळापासून वरपर्यंत बोट ओढलं, भूपाचे सातही सूर ओळीने वाजले, आणि तिने लगेच वरून खाली ओढून बघितलं. दुसरं बोट.

तुमच्या चाचणीत लोक तुम्हाला न सुचलेली क्रिया करतील. ती चूक समजून अडवू नका. आपल्या एका क्रियापदात ती बसते का ते बघा. ओढणं म्हणजे माझ्यासाठी सलग टेकवणंच ठरलं, म्हणून आत घेतलं. दोन बोटांनी चिमटून मोठं करायचा प्रयत्न दोघांनी केला, तो नाही घेतला.

पायरी ९: पुसणं

सगळं झाल्यावर आजीनेच विचारलं, "आणि हे पुसायचं कसं?" दारातली रांगोळी रोज पुसली जाते, ठिपके परत मांडले जातात. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ३७ ठिपके भरले की खेळणं संपायचं.

आधी कोपऱ्यात 'रीसेट' बटण लावलं. सगळ्या पडद्यावर तेवढंच एक बटण आणि तेवढीच अक्षरं. परक्यासारखं दिसायचं. मग फोन हलवला की पुसलं जाईल असं केलं. पण आयफोनवर हालचालीचा सेन्सर वापरायचा तर आधी परवानगीची चौकट दाखवावी लागते, म्हणजे खेळायच्या आधी फॉर्म भरा.

शेवटी ठरवलं की पुसायचं काम खेळणंच करेल. काही वेळ कोणी बोट लावलं नाही की कडेच्या ठिपक्यांपासून आत, एकेक करत, वारा सुटल्यासारखे ते परत छोटे आणि पांढरे होतात. कोड सोपं आहे: शेवटच्या स्पर्शाची वेळ लिहून ठेवा, ठरलेले सेकंद उलटले की मध्यापासून सर्वात लांब असलेल्या ठिपक्याची अवस्था ० करा, ४ फ्रेम थांबा, पुढचा घ्या. मधेच बोट टेकलं तर थांबा.

किती सेकंद, यावर मात्र पुन्हा माणसं बसवावी लागली. ८ ठेवले तर लोक दचकले, आपल्या हातून काही बिघडलं असं त्यांना वाटलं. ४० ठेवले तर तोवर कोणी थांबलंच नाही. २० ला एक जण फोन खाली ठेवता ठेवता थांबला, पुसलं जाताना बघत राहिला आणि मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून त्याने ते अडवलं. मी २० ठेवले. तुमचा आकडा काढताना समोर माणूस बसवा, घड्याळ लावा, आणि त्याचं बोट कधी परत येतं ते लिहून ठेवा.